पांढऱ्या पिशवीतली चिठ्ठी

आशालताबाई साळवे यांच्या हातून चिठ्ठी चुकणार नाही, हे किरनापूरपासून बालाघाटपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं त्या किरनापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. एकदा एकाच दिवशी पाच बाळंतिणी मोकळ्या झाल्या, त्यातल्या दोघींचं नाव एकच, नवऱ्यांचीही नावं जवळपास सारखी. तरी एकाही लेकराच्या पायाला दुसऱ्याच्या आईची चिठ्ठी बांधली गेली नाही. नव्याने आलेल्या पोरींना बाई दरडावत, "गोळी चुकली तं डॉक्टर पाहीन. चिठ्ठी चुकली तं कोणाच्या बापाले नाई सापडत." पोरी तोंडावर हौ म्हणत आणि पाठीमागे नक्कल करत. पण त्यांच्यातल्या प्रत्येकीला आपलं बाळंतपण मात्र सिस्टरबाईंच्याच हातून व्हायला हवं असे.

बाईंचा जन्म मध्य प्रदेशातल्या बालाघाटचाच. वडील शाळामास्तर, मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि चर्चमध्ये दोन्हींची मिसळ. मास्तरांची एक शिस्त होती. संध्याकाळी ताटं वाढली की जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने त्या दिवशीचा एक उपकार देवाला नाव घेऊन सांगायचा. काल सांगितलेला आज चालायचा नाही. "देवानं सगळं दिलं" असं मोघम म्हटलं तर ताट मागे सरकवलं जाई. पोटात कावळे ओरडत असताना माणसाला काय काय सुचतं! धाकट्या आशाने एकदा गणिताच्या बाईंना गोवर निघाल्याबद्दल देवाचे आभार मानले होते. मास्तरांनी कान पिळला, पण उपकार जमेस धरला. तेव्हापासून ही सवय हाडीमाशी खिळली ती खिळलीच. लग्न झालं, प्राची झाली, प्राची लग्न होऊन रायपूरला गेली, पेन्शन सुरू झाली, पण संध्याकाळचा एक उपकार चुकला नाही.

नवरा मोतीलाल वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. साधासरळ माणूस, पण तोंडाला कुलूप. तेहेतीस वर्षांत चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, एकदाही उभे राहिले नाहीत. घरातल्या संध्याकाळच्या उपकारालाही ते मनातल्या मनातच उत्तर देत आणि लगेच भाताला हात घालत. कोणी टोकलं की म्हणत, "देवाले ऐकू येते. त्याले लाउडस्पीकर काहून पाह्यजे?" दोन वर्षांपूर्वी डेपोच्या जुन्या मित्रांबरोबर चहा पिता पिता त्यांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, यांना मनस्ताप होईल असं काही होऊ देऊ नका. बाईंनी ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं जपून ठेवलं आणि त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वाईट बातमी मोतीलालांपर्यंत जाण्याआधी त्यांच्या हाताखालून गाळून जाऊ लागली.

म्हणूनच नोव्हेंबरच्या एका गुरुवारी अंघोळ करताना डाव्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा बाईंच्या मनात पहिला विचार स्वतःचा आलाच नाही. यांना कळता कामा नये, हा आला. दुसरा विचार आला तो मात्र नर्सचा होता. गाठ दुखत नव्हती आणि बोटाखाली सरकतही नव्हती. या दोन गोष्टींचा अर्थ काय होऊ शकतो हे त्यांनी किरनापूरच्या शेकडो बायांना समजावून सांगितलं होतं. "दुखत नाई म्हणून बसू नको, बाई. दाखव." आता ही बाई त्या स्वतःच होत्या.

त्यांनी गोंदियाला आम्रपाली सिस्टरला फोन लावला. दोघी एकाच दवाखान्यात वीस वर्षं काम केलेल्या. शुक्रवारी बाई "आम्रपालीचे गुडघे लयच दुखून राह्यले, पाहून येतो" असं सांगून गाडीत बसल्या. तिथे एका डॉक्टरबाईंनी सुई घालून आतला तुकडा काढला. रिपोर्ट दहा दिवसांनी, सोमवारी. खोटं बोलण्याची सवय नसलेलं माणूस एक खोटं बोललं की त्याला दुसरी चार बोलावी लागतात. आम्रपालीच्या धडधाकट गुडघ्यांची चौकशी मोतीलाल रोज करू लागले आणि बाई रोज त्यांना थोडंथोडं बरं करत राहिल्या.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दिवसभर बाईंच्या डोक्यात एकच गिरणी चालू. डाळीत मीठ दोनदा पडे. फोन वाजला की हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. प्राचीने रायपूरहून विचारलं, "मम्मी, आवाज़ ऐसी क्यों लग रही?" तर म्हणाल्या, "सर्दी हुई बेटा." रोज सकाळी त्या मोतीलालांचं ब्लडप्रेशर मोजून वहीत लिहीत. स्वतःच्या दंडाला तो पट्टा गुंडाळायची त्यांची छाती झाली नाही.

मरणापेक्षाही त्यांना दुसरीच काळजी जास्त छळत होती. या माणसाला चहाची साखर कुठे असते ते माहीत नाही. सकाळची पांढरी गोळी, दुपारची पिवळी, जेवणानंतरची गुलाबी, हे त्याच्या लेखी सगळं रंगीत चणे. बाईंनी गुपचूप त्याची शाळा सुरू केली. गोळ्यांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवले. एक दिवस मोतीलालांना गॅसपाशी उभं करून चहा करायला लावला. दुसऱ्या दिवशी वरण.

"मले काहून शिकवून राह्यली?" मोतीलालांनी पळी हातात धरून विचारलं.

"आलं पाह्यजे माणसाले."

"प्राचीकडे जाऊन राह्यचा बेत आहे काय तुया? तसं असन तं सांग न बाप्पा. हिंग किती टाकू?"

बाई "चिमूटभर" म्हणाल्या आणि अंगणात कपडे आणायला गेल्या. कपडे अजून ओलेच होते.

संध्याकाळचा उपकार मात्र चालू होता, म्हणजे तोंडाने. एक दिवस नव्या चिन्नोर तांदळाच्या वासाबद्दल, एक दिवस नळाला आलेल्या पाण्याबद्दल. ओठ हलत, आत काही हलत नसे. आपण देवाला टाळतो आहोत हे त्यांना कळत होतं. आणि देवाला टाळणं मोतीलालांना टाळण्याइतकं सोपं नव्हतं. त्याच्यासमोर आम्रपालीचे गुडघे पुढे करून भागत नव्हतं.

त्यातच उपकारस्तुतीचा रविवार आला. बरोबर रिपोर्टच्या आदल्या दिवशी. धान घरात आलं की त्यांच्या चर्चची मंडळी हा सण करते. प्रत्येक घर आपलं नवं पीक वेदीपाशी आणून ठेवतं. कोणी तांदूळ, कोणी भोपळा, कोणी मुळ्याची जुडी, आणि ज्याच्याकडे शेत नाही तो बाजारातून फुलकोबी आणून तीच घरची असल्यासारखी ठेवतो. दाराशी दोन कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. पांढरीत उपकाराची चिठ्ठी टाकायची. तिथल्या चिठ्ठ्या चर्चचे पाळक त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाचतात. लाल पिशवीत विनंतीची चिठ्ठी. ती कोणासमोर वाचली जात नाही. पाळक ती घरी नेतात, एकटे वाचतात, प्रार्थना करतात आणि जाळून टाकतात. लाल पिशवीत काय काय जातं ते देव जाणे आणि पाळक. पण त्या पिशवीतलं कधी बाहेर फुटलं नाही, एवढी इज्जत तिची आहे.

शनिवारी दुपारी बाई टेबलाशी बसल्या. औषधकंपनीच्या जुन्या पॅडचे दोन कागद फाडले. पहिल्यावर गेली दोन वर्षं लिहीत होत्या तेच लिहिलं, की यांचं हृदय चालू आहे, त्याबद्दल उपकार. दुसरा कागद घेतला आणि बराच वेळ पेन नुसतं धरून बसल्या. मग एका दमात लिहिलं. "आशालता साळवे. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. रिपोर्ट सोमवारी येणार. यांना सांगितलेलं नाही, यांना सोसणार नाही. मला अजून काही वर्षं पाहिजेत." शेवटचं वाक्य वाचून त्यांना लाज वाटली. खोडावंसं वाटलं, पण खोडलं नाही, कारण दहा दिवसांत देवाशी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

दोन्ही कागद सारख्या घड्या घालून बंद केले. विनंतीच्या कागदाचा कोपरा दुमडला. खूण करायची नर्सची सवय. तेवढ्यात मोतीलाल मागून डोकावले.

"काय लिवून राह्यली?"

"उपकाराची चिठ्ठी."

"माया हार्टाचीच न? त्याले यंदा सुट्टी दे. देवाले पाठ झालं असन."

रविवारी चर्चच्या दारात ही गर्दी. भोपळे, टोपल्या, पाय बांधलेली एक कोंबडी. पाळक अश्विन दारात उभे राहून हात मिळवत होते. छिंदवाड्याकडचा तरुण माणूस, शिक्षण सगळं हिंदीत, पण म्हाताऱ्यांसाठी महिन्यातून एक उपासना मराठीत घ्यायची म्हणून धडपडणारा. विमलाबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. त्यांनी आशालताबाईंना पाहिलं आणि आपली तांदळाची टोपली सरळ त्यांच्या कडेवर दिली. "धर ओ सिस्टरबाई, मी चप्पल काढतो." मागे मोतीलाल खेटून उभे. एका हाताने टोपली सावरत, दुसऱ्या हाताने पर्समधून चिठ्ठ्या काढत, नवऱ्याला लाल पिशवीकडे जाणारा हात दिसू नये म्हणून अंग वळवत बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या टाकल्या. पांढरीत एक, लाल पिशवीत एक. झालं एकदाचं म्हणून श्वास सोडला आणि आत जाऊन बसल्या.

या चर्चमध्ये जुनी माणसं अजून जुन्याच रीतीने बसतात. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधून वाट. नवी जोडपी कुठेही बसतात आणि म्हातारे तिकडे पाहत नाहीत. बाई तिसऱ्या बाकावर मधोमध, विमलाबाईंच्या शेजारी. मोतीलाल पलीकडे अगदी मागच्या बाकावर, जिथे पंखा आहे.

गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, मग पाळकांनी पांढरी पिशवी उलटी केली. चाळीसेक चिठ्ठ्या. रीत अशी की पाळक म्हणणार, "प्रभू, तुझे उपकार, कारण..." आणि चिठ्ठी वाचणार. चिठ्ठी संपली की सगळ्या मंडळीने एका आवाजात म्हणायचं, "प्रभूचे उपकार!" कोणाच्या बोअरला पाणी लागलं. कोणाच्या पोराची दारू सुटली, याला आता सात महिने झाले. कोणाची म्हैस सापडली. पहिल्या दहा चिठ्ठ्यांपर्यंत लोक कान देऊन ऐकतात. पुढे मागच्या अंगणातून नव्या भाताचा वास यायला लागतो, पाळक वेग वाढवतात आणि मंडळीचं उत्तर आपोआप तोंडातून पडायला लागतं.

बाईही आपोआपच म्हणत होत्या. विसाव्या की एकविसाव्या चिठ्ठीला त्यांची नजर पाळकांच्या हाताखालच्या ढिगाकडे गेली. वरून तिसऱ्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता.

आधी वाटलं, दुसऱ्या कोणाची असेल. मग कागदाच्या कडेची निळी रेघ दिसली. औषधकंपनीची. मग बोटांनीच आठवण करून दिली. टोपलीच्या गडबडीत पांढऱ्या पिशवीच्या तोंडाशी गेलेल्या त्या कागदाचा दुमडलेला कोपरा बोटाला लागला होता. लागला होता आणि तरी बोटांनी तो सोडला होता. चौतीस वर्षं न चुकलेले हात नेमके आज चुकले होते.

अजून दोन चिठ्ठ्या मध्ये होत्या. उठावं, पुढे जाऊन चिठ्ठी काढून घ्यावी. पण उठलं की सगळे पाहणार, मोतीलाल पाहणार, काय झालं म्हणून विचारणार. न उठावं तर पाळक वाचणार. की वाचण्याआधी त्यांची नजर पुढच्या ओळीवर जाईल? माणूस वाचण्याआधी थोडं पाहतोच ना?  मध्ये आता एकच चिठ्ठी. बाई अर्ध्या उठल्या. विमलाबाईंनी त्यांचा पदर धरून खाली ओढलं. "बस न वो. तुईच येऊन राह्यली असन आता."

"प्रभू, तुझे उपकार, कारण," पाळक अश्विन हिंदी हेल काढत भरभर वाचू लागले, "आशालता साळवे, माझ्या डाव्या छातीत गाठ आहे."

"प्रभूचे उपकार!" मंडळी म्हणाली.

शंभर माणसं एका आवाजात म्हणाली. त्यात विमलाबाईंचा आवाज होता, कोंबडी आणणाऱ्या पोरीचा होता आणि मागच्या पंख्याखालून मोतीलालांचाही होता. पाळक त्याच ओघात "रिपोर्ट सोमवारी" एवढं वाचून गेले आणि थांबले. त्यांनी चिठ्ठी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. त्यांचे कान लाल झाले. उरलेल्या ओळी त्यांनी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या आणि चिठ्ठी खिशात घातली. पण आता उशीर झाला होता. चर्चमध्ये इतकी शांतता पसरली की मागच्या अंगणात कोणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं तेही ऐकू आलं.

बाईंनी वळून पाहिलं. मोतीलाल उभे राहिले होते.

त्या क्षणी गाठ, रिपोर्ट, लाज सगळं बाजूला पडलं. बाई फक्त नर्स उरल्या. ओठ निळे पडलेत का? हात छातीकडे जातो आहे का? घाम? मोतीलाल बाकामधून बाहेर आले आणि पुढे चालू लागले. पाळक घाबरून म्हणाले, "मोतीलालजी, आप बैठिए, मैं..." मोतीलाल चालतच राहिले. तिसऱ्या बाकापाशी येऊन ते बायांच्या बाजूला वळले. विमलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता जागा केली. मोतीलाल दोघींच्या मध्ये बसले. श्वास जोरात चालला होता, पण ओठ निळे नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, समोरच पाहिलं.

"पुढची वाचा," ते पाळकांना म्हणाले.

पाळकांनी पुढची वाचली. ती कोणाच्या तरी नातवाच्या नोकरीची होती. मंडळीला उत्तर द्यायचं धाडस होईना. मोतीलालांनीच एकट्याने, घोगऱ्या आवाजात दिलं, तेव्हा कुठे बाकीच्यांचं तोंड उघडलं.

दोघं स्कूटरवरून घरी आले. दार लावताच मोतीलाल फुटले.

"दहा दिवस? दहा दिवस तू एकटीच घेऊन फिरून राह्यली? अन् मले आम्रपालीचे गुडघे सांगत होती?"

"अजी, तुमच्या छातीत आधीच दोन स्प्रिंगा. डॉक्टर म्हणाले होते..."

"माया छातीचं डॉक्टरले सांग. मले माया बायकोचं सांग! मी तेथी सगळ्याईसंगं वरडलो न, प्रभूचे उपकार म्हणून. तुया गाठीचे! मले माहीतच नोतं मी काय बोलून राह्यलो." त्यांचा आवाज चिरकला. "अन् ते चहा, वरण? ते त्याच्यासाठी होतं काय?"

 बाईंनी ब्लडप्रेशरचं मशीन आणलं आणि मोतीलालांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर वाढलेलं होतं, पण भलतंच नाही. मोतीलालांनी पट्टा सोडला आणि तो बाईंच्या दंडाला गुंडाळला. त्यांना बटण सापडेना, बाईंनीच दाबलं. आकडा आला. तो मोतीलालांच्या आकड्यापेक्षा बराच वर होता.

"पाह्यलं?" मोतीलाल म्हणाले. "बरं झालं चिठ्ठी चुकली. नाईतं उद्या तू एकटीच गेली असती." मग उठून त्यांनी चहा टाकला. साखर जास्त झाली होती. बाई तो सगळा प्यायल्या.

सोमवारी सकाळच्या गाडीने दोघं गोंदियाला गेले. वाटेत मोतीलाल एका कागदावर काहीतरी लिहीत होते आणि बाईंना पाहू देत नव्हते. आम्रपाली स्टेशनवर घ्यायला आली होती, छान तुरुतुरु चालत. मोतीलालांनी तिच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. कॅन्सर होता. बाईंना तो शब्द ऐकू आला आणि त्यापुढे खोलीतलं सगळं लांब गेलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना धीर देताना जे जे सांगितलं होतं त्यातलं एकही वाक्य त्या वेळी जवळ आलं नाही. ऐकत होते ते मोतीलाल. त्यांनी खिशातला कागद काढला. त्यावर चार प्रश्न होते, डेपोच्या कारकुनाच्या सुवाच्य अक्षरात. किती पसरला? ऑपरेशन कुठं? मग किती दिवस औषध? अन् बरी होईन का? डॉक्टरबाईंनी चारही प्रश्नांची उत्तरं सावकाश दिली. गाठ लहान आहे, पसरल्यासारखी वाटत नाही, नागपूरला लवकर ऑपरेशन करा, पुढचं त्यानंतर ठरेल, पण आशा धरायला जागा आहे. चौथ्या उत्तरापुढे मोतीलालांनी बरोबरची खूण केली.

परतीच्या गाडीला अवकाश होता. दोघं फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसले. बाजूला वडे तळणारा, समोर पोत्यांवर बसलेले मजूर. बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. दहा दिवसांत त्यांनी देवाकडे एकच मागितलं होतं, अजून काही वर्षं, आणि रिपोर्टात कॅन्सर आला होता. डोळे कोरडे होते. गाठ लागल्यापासून ते कोरडेच होते. रडलं तर हे विचारतील या भीतीने त्यांनी अश्रू इतके आत ढकलले होते की आता रडायची मोकळीक असूनही ते येत नव्हते.

"मले आज काईच नाई सापडून राह्यलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"काय नाई सापडत?"

"उपकार. लहानपणापासून एकही दिवस चुकला नाई. आज शोधून राह्यली, तं एकई नाई. मनातून रागच येऊन राह्यला देवाचा. असं तोंड घेऊन काय मानू?"

मोतीलाल बाकावर जरा जवळ सरकले.

"मग आज नको मानू," ते म्हणाले. "तुया वाट्याचे मी मानतो."

आणि या माणसाने, ज्याने तेहेतीस वर्षांत चर्चमध्ये साक्षीला तोंड उघडलं नव्हतं, गोंदियाच्या फलाटावर गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली. वडेवाल्याचा झारा थांबला. मजूर वळून पाहू लागले.

"बापा, मी मोतीलाल. तू मले वळखत असशीन, मी मागच्या बाकावर बसतो, पंख्याखाली. आज हिच्या वतीनं बोलून राह्यलो, हिले आज जमत नाई. तू तिच्यावर रागावू नको. गाठीचे उपकार मी मानत नाई. काल चुकून मानले, ते वापस घेतो. तुयापाशी खोटं बोलणार नाई. पण लहान असतानाच सापडली, त्याचे मानतो. हिच्याच हाताले सापडली, दुसऱ्या कोणाले समजलीई नसती, त्याचे. डॉक्टरबाईनं घाई न करता सांगतलं, त्याचे. मले इथपर्यंत चालवत आणलं, दम नाई लागू देला, त्याचे मानतो. अन् हे बाई मले देली, ते तं मी कधी बोललोच नाई तुयापाशी. तेहेतीस वर्ष झाले. मले वाटत होतं तुले ऐकू येते..."

इथे त्यांना पुढचं सुचेना. शब्द शोधत असताना शेजारून एक आवाज आला, आधी हुंदक्यासारखा, मग मोकळा. आशालताबाई पर्सवर डोकं टेकवून रडत होत्या, दहा दिवसांचं एकदम, फलाटावरच्या सगळ्या लोकांसमोर.

मोतीलालांनी एक डोळा उघडून पाहिलं. बायकोच्या पाठीवर हात ठेवला, डोळा पुन्हा मिटला.

"अन् हे रडून राह्यली आता," ते देवाला म्हणाले, "त्याचेई."